लाळ्या-खुरकूतचा विषाणू न पाहताच कसा सापडला? वाचा लोफ्लर यांची गोष्ट

जनावराच्या तोंडातून लाळेच्या तारा गळू लागल्या, खुरांत फोड आले, की शेतकरी लगेच लाळ्या-खुरकूत ओळखतो. आता या विषाणूचा जनुकीय क्रम, म्हणजे आरएनएची सुमारे ८ हजार ३०० अक्षरे, प्रयोगशाळेत वाचता येतो. पण हा रोग विषाणूमुळे होतो, हे मुळात कळले कसे?

त्याचे श्रेय जर्मनीच्या फ्रीडरिश लोफ्लर यांना जाते. जन्म १८५२ चा. वडील लष्करी डॉक्टर, मुलगाही त्याच वाटेने गेला. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली काम करताना १८८४ मध्ये त्यांनी माणसांतील घटसर्पाचा जिवाणू वेगळा करून दाखवला. नाव राहायला तेवढेही पुरे होते.

पुढे सरकारने त्यांच्याकडे लाळ्या-खुरकूतचे काम सोपवले. सहकारी पॉल फ्रॉश यांच्यासह त्यांनी फोडांतले पाणी जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून काढले आणि वासरांना टोचले. वासरे आजारी पडायला नको होती, पण पडली.

मग गाळणीतून विष उतरले असेल का? लोफ्लर इथे थांबले नाहीत. आजारी वासराच्या फोडातले पाणी पातळ करून, गाळून त्यांनी दुसऱ्याला टोचले, मग तिसऱ्याला. विष असते तर दर खेपेला विरळ होत संपले असते. रोग मात्र तितकाच जोरात होत राहिला. म्हणजे गाळणीतून उतरणारी ती गोष्ट जनावराच्या अंगात वाढत होती. वर्ष होते १८९८. प्राण्यांतला हा पहिला ज्ञात विषाणू.

पण त्याला आवरणे सोपे नव्हते. ग्राइफ्सवाल्डमधील प्रयोगांतूनच रोग आसपासच्या गोठ्यांत पोहोचू लागला आणि काम बंद करावे लागले. अखेर १९१० मध्ये प्रयोगशाळा बाल्टिक समुद्रातल्या रीम्स बेटावर गेली. लोफ्लर १९१५ मध्ये वारले. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप त्यानंतर आला, त्यामुळे आपला विषाणू त्यांनी कधीच पाहिला नाही.

हा विषाणू एकच नाही, त्याचे प्रकार आहेत, हे १९२२ मध्ये समजले. आज सात प्रकार माहीत आहेत आणि एकाची लस दुसऱ्यावर चालत नाही. भारतातली लस ओ, ए आणि एशिया-१ या तिघांवर आहे. साथीतल्या विषाणूचा क्रम वाचला की तो कोणत्या प्रकारचा, आधीच्या कोणत्या विषाणूच्या जवळचा, हे कळते. आपल्याकडे हे काम भुवनेश्वरच्या राष्ट्रीय संस्थेत चालते. रीम्स बेटावरची संस्थाही सुरू आहे, लोफ्लर यांच्याच नावाने.