यंत्र नसताना लिहिलेला प्रोग्राम

तेराव्या वर्षी अ‍ॅडाला गोवर झाला आणि त्यातून तिचे पाय गेले. कित्येक महिने ती अंथरुणाला खिळून होती. कुबड्यांवर चालायला १८३१ साल उजाडले. गोवरानंतर मेंदूला किंवा मज्जारज्जूला सूज येऊ शकते आणि तेव्हा लस नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी या मुलीने उडण्याचे यंत्र करायचे ठरवले होते. हातात कात्री घेण्याआधी तिने पक्ष्यांची शरीररचना अभ्यासली, अंगाच्या मानाने पंख केवढे हवेत याचा हिशेब मांडला, कागद, रेशीम, तारा, पिसे यांतले काय चालेल याचा विचार केला. यंत्र काही झाले नाही. सवय मात्र राहिली.

अ‍ॅडा ही कवी लॉर्ड बायरनची मुलगी. जन्म लंडनचा, १० डिसेंबर १८१५. ती महिन्याभराची असताना आई तिला घेऊन घराबाहेर पडली आणि बापलेकीची पुन्हा भेट झाली नाही. बापाचे वेड पोरीत उतरू नये म्हणून आईने तिला लहानपणापासून गणिताची मात्रा चाटवली. औषध लागू पडले, असे म्हणायला हरकत नाही.

सतराव्या वर्षी, १८३३ मध्ये, तिची चार्ल्स बॅबेजशी ओळख झाली. पुढे त्याने ‘अ‍ॅनालिटिकल इंजिन’ नावाचे अवाढव्य यंत्र कागदावर उतरवले. आकडे साठवायला एक भाग, आकडेमोड करायला दुसरा, आणि काय करायचे ते सांगायला भोकांची पुठ्ठ्याची कार्डे. ही कार्डांची युक्ती रेशमी कापड विणणाऱ्या जॅकार्ड मागावरून घेतलेली. ते यंत्र पूर्ण कधीच बनले नाही.

मेनाब्रेआ या इटालियन इंजिनिअरने त्यावर फ्रेंचमध्ये लेख लिहिला होता. अ‍ॅडाने त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्याला टिपा जोडल्या. त्या मूळ लेखाच्या तिप्पट झाल्या. १८४३ मध्ये त्या छापून आल्या तेव्हा ती सत्तावीस वर्षांची, तीन मुलांची आई होती. खाली पूर्ण नाव नाही, फक्त आद्याक्षरे.

शेवटच्या टिपेत ‘बर्नुली संख्या’ काढण्याचा एक तक्ता आहे. पंचवीस पायऱ्या. प्रत्येक ओळीत कोणती क्रिया, कोणत्या जागेवरच्या आकड्यांवर, उत्तर कुठे ठेवायचे, त्यामुळे कोणता आकडा बदलतो, सगळे मांडलेले. तेरा ते तेवीस या पायऱ्या पुन्हा पुन्हा करायच्या, हेही लिहिलेले. आजचे प्रोग्रामर याला लूप म्हणतात. एकच हिशेब अनेक क्रमांनी करता येतो, त्यातला कमीत कमी वेळ घेणारा क्रम आधी निवडावा, हे तिने दुसऱ्या एका टिपेत सांगितले आहे. करून पाहायला यंत्रच नव्हते, त्यामुळे सगळे आधी डोक्यात आणि कागदावर चालवून पाहण्याखेरीज तिला गत्यंतर नव्हते.

आपल्याकडे यंत्र असते, म्हणून आपण घाई करतो. काही वर्षांपूर्वी मी काम करत होतो त्या रुग्णालयात नोंदणीचे नवे सॉफ्टवेअर आले. वयाच्या रकान्यात फक्त पूर्ण वर्षे लिहिता येत. दोन दिवसांचे बाळ आणि अकरा महिन्यांचे बाळ, दोघांच्याही केसपेपरवर वय शून्य! नवजात बाळाचा डोस ठरवताना वजनाइतकेच त्याचे दिवसही मोजावे लागतात. सिस्टर पेनाने बाजूला दिवस लिहू लागल्या. एखाद्या रात्रपाळीत ते राहून गेले असते तर? दुरुस्ती सांगितली तर कळले, तोच आकडा पुढे अनेक ठिकाणी वापरलाय. एक टाका उसवला तर सगळी शिवण जाते. प्रोग्राम लिहिणारी मुले हुशार होती. पण आधी अर्धा तास प्रसूती कक्षात येऊन बसायला त्यांना कुणी सांगितले नव्हते.

कागदावरच्या आराखड्यातही चुका राहतात. बॅबेजच्या गणितातली एक मोठी चूक अ‍ॅडाने पकडून त्याच्याकडे परत पाठवली होती, हे त्यानेच पुढे लिहून ठेवले. आणि तिच्या छापील तक्त्यात चौथ्या पायरीवर भागाकाराचे दोन आकडे उलटे पडले आहेत. ती चूक कदाचित खिळे जुळवणाऱ्याचीही असेल. तक्त्यातले किती काम तिचे, किती बॅबेजचे, यावर अभ्यासक अजून भांडतात. टिपा वाचल्यावर मला तरी त्या वादात फार रस उरला नाही.

आयुष्याच्या हिशेबात मात्र ती चुकली. घोड्यांच्या शर्यतींत पैसे बुडाले, घरचे हिरे गहाण पडले. त्यातच गर्भाशयाचा कर्करोग झाला. डॉक्टरांकडे अफूच्या अर्काखेरीज फारसे काही नव्हते. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी ती गेली तेव्हा छत्तीस वर्षांची होती. बायरनही छत्तिसाव्या वर्षीच गेला होता. नॉटिंगहॅमजवळ हकनॉलच्या चर्चमध्ये, तिच्या इच्छेप्रमाणे, तिला त्याच्या शेजारी पुरले.