टॉमीचा पाय आणि रुग्णालयाचे बिल

पहिल्या महायुद्धाच्या थोडे आधीची गोष्ट. कॅनडातील विनिपेग शहरात एका रुग्णालयाच्या मोफत वॉर्डात एक लहान मुलगा पडून होता. वडील ओतशाळेत कामगार. कुटुंब स्कॉटलंडहून नुकतेच येऊन स्थायिक झालेले. मुलाच्या गुडघ्यापाशी हाड आतून सडत चालले होते. पाय कापावा लागेल, असे डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितले. पाय वाचवायचा तर हाडांच्या शस्त्रक्रियेत तरबेज सर्जन हवा होता, आणि त्याची फी भरण्याची या घराची ऐपत नव्हती.

त्या मुलाचे नाव टॉमी डग्लस. कॅनडात आज रुग्णालयातून घरी जाताना बिलाची धास्ती वाटत नाही, याचे मोठे श्रेय ज्यांना दिले जाते, तेच हे डग्लस.

त्यांचा जन्म १९०४ साली स्कॉटलंडमधील फॉल्कर्क गावात झाला. लहानपणी पडण्याचे निमित्त झाले, गुडघ्याला मार लागला आणि जखमेतून हाडापर्यंत जंतुसंसर्ग पोहोचला. याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. हाडाच्या आत पू साठतो, तेथील रक्तपुरवठा तुटतो आणि हाडाचा तुकडा मरतो. मेलेल्या हाडात जंतू ठाण मांडून बसतात, त्यामुळे बरा झालासा वाटणारा आजार पुन्हा पुन्हा उलटतो. आज दीर्घकाळ प्रतिजैविके देऊन आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया करून तो आटोक्यात आणता येतो. तेव्हा प्रतिजैविके नव्हती. हाड उघडून पू काढायचा, मेलेला भाग खरवडायचा. एवढ्यानेही भागले नाही, तर संसर्ग रक्तात पसरू नये म्हणून पाय कापायचा. टॉमीवर स्कॉटलंडमध्येच काही शस्त्रक्रिया झाल्या होत्या. विनिपेगला आल्यावर दुखणे परत उफाळले.

योगायोगाने डॉ. स्मिथ नावाच्या नामवंत अस्थिशल्यचिकित्सकाची नजर या मुलाकडे गेली. एक पैसाही न घेता पाय वाचवण्याचा प्रयत्न करायची त्यांनी तयारी दाखवली. अट एकच होती. वैद्यकीय विद्यार्थ्यांना हे उपचार पाहू द्यायचे. आईवडिलांनी होकार दिला आणि पाय वाचला. त्याच पायावर उभे राहून या मुलाने पुढे १९२२ साली मॅनिटोबा प्रांताची लाइटवेट मुष्टियुद्धाची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली.

डग्लस हा प्रसंग आयुष्यभर सांगत राहिले. डॉ. स्मिथ यांच्याविषयी त्यांना कृतज्ञता होतीच, पण त्यातला दुसरा अर्थही त्यांनी हेरला होता. पाय कापायला नाही म्हणण्याचा हक्क आईवडिलांना होता, मात्र तो वापरायला हाती दुसरा पर्याय नव्हता. खिशात पैसे नसले, की रुग्णाची संमती ही नावापुरतीच उरते. श्रीमंताच्या मुलाचा पाय हक्काने वाचला असता. टॉमीचा नशिबाने वाचला.

तरुणपणी छापखान्यात उमेदवारी करून, मग शिक्षण पूर्ण करून डग्लस बाप्टिस्ट धर्मोपदेशक झाले. १९३० साली ते सस्कॅचेवान प्रांतातील वेबर्न या लहान गावी गेले. तो महामंदीचा काळ होता. गव्हाचे भाव कोसळलेले, वर अवर्षण आणि धुळीची वादळे. शेतकऱ्यांकडे डॉक्टरला द्यायला रोख पैसे नसत. कोणी कोंबड्या देई, कोणी बटाटे, कोणी सरपण. उधारी थकली, की माणसे पुन्हा डॉक्टरकडे जायला ओशाळत. आधीचे देणे डोक्यावर असताना नवे कसे करायचे, या विचारात दुखणे अंगावर काढले जाई. वेळेवर उपचार न मिळाल्याने दगावलेल्या तरुणांचे अंत्यविधी डग्लस यांना करावे लागले. थकीत बिल केवळ हिशेबाच्या वहीत राहत नाही, ते पुढच्या आजारपणात दवाखान्याचे दारही बंद करते, हे त्यांनी जवळून पाहिले. १९३५ मध्ये ते को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन या पक्षातर्फे खासदार झाले.

याच काळात त्यांच्या हातून एक गंभीर चूकही घडली. १९३३ साली मॅकमास्टर विद्यापीठाला सादर केलेल्या एम.ए.च्या प्रबंधात त्यांनी मतिमंद ठरवलेल्या व्यक्तींना वेगळे ठेवण्याची आणि त्यांची नसबंदी करण्याची शिफारस केली होती. तेव्हा सुप्रजननशास्त्राला विज्ञान मानले जाई. शेजारच्या अल्बर्टा प्रांतात १९२८ पासून तसा कायदाच होता आणि तो १९७२ पर्यंत टिकला. ज्याचा पाय गरिबीपायी कापला जाणार होता, त्यानेच दुसऱ्या दुबळ्यांच्या शरीराचा निर्णय परस्पर घ्यायला सुचवावे, हे आज वाचताना खटकते.

परीक्षेचा क्षण १९४४ साली आला. डग्लस सस्कॅचेवानचे मुख्यमंत्री झाले आणि आरोग्य खातेही त्यांनी स्वतःकडे घेतले. प्रांताच्या मानसिक आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या दोन अहवालांनी नसबंदीचा कार्यक्रम सुचवला. आता अधिकार हातात होता, पण डग्लस यांनी तसा कायदा होऊ दिला नाही. त्याऐवजी मनोरुग्णांसाठी उपचार आणि मतिमंदांसाठी व्यवसाय प्रशिक्षण, हा मार्ग त्यांच्या सरकारने धरला.

आरोग्यव्यवस्थेची पाहणी करण्यासाठी त्यांनी वैद्यकाचे इतिहासकार हेन्री सिगरिस्ट यांना बोलावले. हेच सिगरिस्ट त्याच वर्षी भारतातही आले आणि नाशिकमध्ये जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या आरोग्य समितीला त्यांनी सल्ला दिला. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हे तत्त्व भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातही आहे.

सस्कॅचेवानमध्ये ते तत्त्व प्रत्यक्षात आले. १ जानेवारी १९४७ पासून रुग्णालय विमा योजना लागू झाली. माणशी वर्षाला पाच डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त तीस डॉलर. मग रुग्णालयातला खर्च योजनेकडे. रुग्णाच्या मागे वसुलीचा तगादा उरला नाही आणि रुग्णालयांचीही बुडीत बिलांची चिंता मिटली.

पुढचा टप्पा डॉक्टरांच्या फीचा होता आणि तो अवघड ठरला. सरकार डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये येईल, उपचार सरकारी कार्यालयात ठरतील, अशी भीती डॉक्टरांच्या संघटनेने घातली. १९६१ च्या अखेरीस कायदा झाला. डग्लस तोवर राष्ट्रीय राजकारणात गेले होते आणि मुख्यमंत्रिपदी वुड्रो लॉइड होते. १ जुलै १९६२ रोजी योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. संप २३ दिवस चालला. त्याच्या तोंडावर झालेल्या लोकसभा निवडणुकीत खुद्द डग्लस यांना पराभव पत्करावा लागला होता. अखेर तडजोड झाली. डॉक्टर सरकारी नोकर होणार नाहीत, हवे तर योजनेबाहेरही काम करू शकतील. पण विमा सर्वांना मिळेल.

काही वर्षांतच विरोध ओसरला. १९६६ साली केंद्राने याच धर्तीवर कायदा केला आणि १९७२ पर्यंत सर्व प्रांत त्यात आले. काही डॉक्टर रुग्णांकडून वरचे पैसे घेऊ लागले, तेव्हा १९८४ च्या कायद्याने त्यालाही चाप लावला. असे पैसे घेऊ देणाऱ्या प्रांताचे अनुदान तेवढ्याने कापले जाऊ लागले. दोन वर्षांनी, २४ फेब्रुवारी १९८६ रोजी, डग्लस यांचे कर्करोगाने निधन झाले. २००४ साली कॅनडाच्या दूरचित्रवाणी प्रेक्षकांनी त्यांना सर्वांत थोर कॅनेडियन म्हणून निवडले.

त्यांचे काम पुरे झालेले नाही. रुग्णालयाबाहेरची औषधे आणि दातांचे उपचार मूळ योजनेत नव्हते, आणि नियोजित शस्त्रक्रियांसाठी लांबलचक प्रतीक्षा हे तिथले जुने दुखणे आहे. मात्र आज तिथल्या एखाद्या मुलाचा पाय कापायचा की वाचवायचा, हे ठरवताना त्याच्या वडिलांचा पगार विचारला जात नाही.