दहा हजार पौंडांचा खेळाडू

जमाखर्चाच्या वहीत माणसाची किंमत कोणत्या बाजूला मांडायची? वाणिज्य शाखेत शिकताना हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ह्यूई गॅलाकर या स्कॉटिश फुटबॉलपटूची हकीकत वाचली आणि तो पडला.

गॅलाकरचा जन्म २ फेब्रुवारी १९०३ रोजी बेल्सहिल या खाणकामगारांच्या गावी झाला. पोरवयातच तो कोळशाच्या खाणीत उतरला. उंची अवघी ५ फूट ५ इंच, पण चेंडू पायाशी आला की धिप्पाड बचावपटूंची त्रेधा उडे. एअरड्रीच्या संघाने १९२४ साली स्कॉटिश चषक जिंकला, त्या संघात तो होता. १९२५ च्या डिसेंबरात न्यूकॅसल युनायटेडने त्याला घेतले. १९२६-२७ च्या हंगामात कर्णधार म्हणून त्याने लीगमध्ये ३६ गोल केले आणि संघाला विजेतेपद मिळवून दिले. १९२८ साली वेम्बलीवर स्कॉटलंडने इंग्लंडचा ५-१ असा धुव्वा उडवला, तेव्हा सेंटर फॉरवर्ड तोच होता.

स्वभाव मात्र जळता निखारा! बचावपटू त्याच्या नडग्या फोडीत आणि तो तोंडाने, कधी हातानेही, परतफेड करी. सामन्यानंतर एका पंचाला न्हाणीच्या हौदात ढकलल्याबद्दल १९२८ मध्ये त्याच्यावर दोन महिन्यांची बंदी आली.

१९३० मध्ये चेल्सीने त्याच्यासाठी १०,००० पौंड मोजले. त्याच सप्टेंबरात तो पाहुणा म्हणून न्यूकॅसलच्या मैदानावर उतरला, तेव्हा ६८,३८६ प्रेक्षक लोटले. त्या मैदानावरचा तो विक्रम ठरला. आता हिशेब पाहा. विक्रीची रक्कम क्लबच्या तिजोरीत जाई. खेळाडूला नियमाने हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त ८ पौंड आणि उन्हाळ्यात ६ पौंड मिळत. क्लबच्या संमतीवाचून दुसरीकडे जाण्याचीही सोय नव्हती. पुढे घटस्फोटाच्या खटल्यांत गॅलाकरचे दिवाळे निघाले. डर्बी, नॉट्स, ग्रिम्स्बी, गेट्सहेड अशी भ्रमंती करीत १९३९ च्या महायुद्धाबरोबर त्याचा खेळ थांबला. नंतर त्याने कारखान्यात काम केले, वृत्तपत्रांत फुटबॉलवर लिहिले.

१९५० साली पत्नी वारली आणि घर विस्कटले. १९५७ मध्ये घरच्या भांडणात मुलाला इजा झाली व त्याच्यावर खटला भरला गेला. सुनावणीच्या आदल्या दिवशी, ११ जूनला, त्याने आपले जीवन संपवले.

त्याच्या शोकांतिकेचे सारे खापर क्लबांच्या माथी फोडणे मला न्याय्य वाटत नाही. दारू त्याची होती, रागही त्याचाच होता. पण ज्याच्यासाठी हजारो लोक तिकीट काढीत, त्याला आपल्या कसबाचा भाव स्वतः ठरवता आला नाही, हेही तितकेच खरे. पगाराची ती कमाल मर्यादा १९६१ साली उठली. गॅलाकर जाऊन तेव्हा चार वर्षे होत आली होती.