शाहू महाराजांचं स्टेडियम

परवा मेसमध्ये जेवताना जोरात वाद झाला. महापालिकेने स्टेडियमवर जनतेचा पैसा खर्च करावा की नाही? एक गट म्हणे, आधी रस्ते आणि पाणी. दुसरा म्हणे, मग खेळाडू कुठून येणार? माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे इतिहास तसा कच्चाच. पण त्या रात्री कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांबद्दल वाचत बसले, आणि वाटलं की या वादाचं उत्तर त्यांच्या आयुष्यातच आहे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि १८९४ मध्ये कारभार हातात आला. स्वतः कसलेले मल्ल! १९०२ मध्ये ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपला गेले. त्या प्रवासात रोमचं कलोसियम पाहिलं आणि असं मैदान आपल्या मल्लांसाठी का नसावं, हा विचार डोक्यात बसला. त्यातूनच १९१२ साली खासबाग कुस्ती मैदान उभं राहिलं. मधोमध तांबड्या मातीचा हौद आणि भोवती उतरत येणारी गोल बैठक. मध्ये खांब नाही की काही नाही, त्यामुळे लांब बसलेल्या शेतकऱ्यालाही कुस्ती नीट दिसते. आपण सिव्हिलवाले ज्याला साइटलाइन म्हणतो, ती हीच!

आता कोणी म्हणेल, राजाला कुस्तीचा शौक, म्हणून तिजोरी उघडली. पण तसं नाही. मैदानाच्या आधीच त्यांनी तालमींना आणि मल्लांच्या खुराकाला आश्रय दिला होता. म्हणजे खेळणारे आधी, मैदान नंतर. आणि त्याच तिजोरीतून बाकीची कामंही चालू होती. १९०१ पासून त्यांनी वेगवेगळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली. (होय, आपल्यासारखी हॉस्टेलच!) १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड!

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. भोगावती नदीवरचं राधानगरी धरण त्यांनीच सुरू केलं, पण पैशांअभावी ते काम रखडलं. ६ मे १९२२ रोजी महाराज मुंबईत वारले, तेव्हा धरण अर्धवटच होतं. ते पुरं व्हायला १९५० चं दशक उजाडलं. मैदान झालं, धरण राहिलं. मैदानाचा पैसा धरणाला पुरला असता असं मुळीच नाही. पण तिजोरीला तळ असतो, हे एवढ्या मोठ्या राजालाही चुकलं नाही.

म्हणून मला वाटतं, स्टेडियमवर खर्च करावा की नाही, हा प्रश्नच अर्धा आहे. तिथे रोज कोण खेळणार? शेवटच्या रांगेतल्या माणसाला काय दिसणार? आणि त्याच गावातल्या मुलांच्या शाळेचं काय? या तीन प्रश्नांची उत्तरं असतील तर खुशाल बांधा. खासबागेत आजही कुस्त्या होतात आणि महाराजांच्या वसतिगृहांत शिकलेल्यांची नातवंडं कदाचित आपल्याच मेसमध्ये जेवत असतील. पुढच्या वेळी वाद घालताना एवढं लक्षात ठेवा, आणि हो, भाजी संपायच्या आत या!