संत डेमियन : रोग्यांना ‘आपण’ म्हणणारा मिशनरी



दरवर्षी १० मे रोजी ख्रिस्तसभा मोलोकाईचे संत डेमियन यांचा सण पाळते. मे महिना आपल्याकडे सुट्ट्यांचा, पाहुण्यारावळ्यांचा आणि पवित्र मरियेच्या जपमाळेचा. या धामधुमीत हा सण कधी येतो आणि कधी जातो, हे आपल्याला कळतही नाही. कुष्ठरोग्यांची सेवा करता करता स्वतः कुष्ठरोगी होऊन मरण पावलेले धर्मगुरू, एवढीच त्यांची ओळख बहुतेकांना असते. पण माणूस एका दिवसात संत होत नाही. परक्या मुलखात हा तरुण मिशनरी रोज सकाळी उठून काय करीत होता, त्याला कशाचा त्रास होत होता आणि त्याची श्रद्धा कशावर टिकून होती, हे आज आपण पाहू या.

भावाच्या जागी

बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात ३ जानेवारी १८४० रोजी जोसेफ डी व्हूस्टर यांचा जन्म झाला. घरी शेती आणि धान्याचा व्यापार होता. जोसेफने पुढे हा व्यापार सांभाळावा असे वडिलांच्या मनात होते आणि त्यासाठी त्याला फ्रेंच भाषा व व्यापाराचे शिक्षण घ्यायलाही पाठवले होते. परंतु घरातील दोन मुली धर्मभगिनी झाल्या होत्या, थोरला भाऊ येशू व मरियेच्या पवित्र हृदयांच्या संघात दाखल झाला होता. १८५९ साली जोसेफही भावाच्या पाठोपाठ लूव्हेन शहरातील त्याच मठात गेला. तेथे त्याने प्राचीन काळातील वैद्य संत डेमियन यांचे नाव धारण केले.

वरिष्ठांना हा धट्टाकट्टा शेतकऱ्याचा मुलगा धर्मगुरू होण्याजोगा वाटला नाही. त्याला लॅटिन येत नव्हते. मठात ब्रदर म्हणून काम करावे, इतपतच त्याची पात्रता त्यांना दिसली. डेमियन कुरकुरला नाही. फावल्या वेळात तो भावाकडून लॅटिन शिकू लागला आणि त्याची प्रगती पाहून वरिष्ठांनीच आपले मत बदलले. १८६० साली पॅरिस येथे त्याने व्रते घेतली. त्या विधीच्या वेळी व्रत घेणाऱ्यांच्या अंगावर प्रेतावर घालतात तसे काळे वस्त्र पसरले जात असे. जगाला मेलो आणि ख्रिस्तासाठी जिवंत झालो, असा त्याचा अर्थ. ही खूण डेमियनने आयुष्यभर विसरली नाही.

१८६३ साली त्याच्या भावाची हवाई बेटांवर मिशनकार्यासाठी नेमणूक झाली. जहाजावरची जागाही ठरली. तेवढ्यात भाऊ टायफस तापाने आजारी पडला. अजून गुरुदीक्षाही न झालेल्या डेमियनने स्थानिक वरिष्ठांना वळसा घालून थेट पॅरिसला, संघाच्या सर्वोच्च वरिष्ठांना पत्र धाडले आणि भावाच्या जागी जाण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. घरच्यांचा निरोप घेऊन तो निघाला. त्यानंतर बेल्जियमला तो जिवंतपणी कधीच परतला नाही.

खोगिरावरचे दिवस

चार महिन्यांहून अधिक काळ समुद्रप्रवास करून १९ मार्च १८६४ रोजी, संत योसेफाच्या सणादिवशी, डेमियन होनोलुलू बंदरात उतरला. दोनच महिन्यांनी, २१ मे रोजी, तेथील कॅथेड्रलमध्ये बिशप लुई मेग्रे यांच्या हस्ते त्याला गुरुदीक्षा मिळाली. तेव्हा तो २४ वर्षांचा होता.

त्याला हवाईच्या मोठ्या बेटावर, ज्वालामुखीच्या प्रदेशात, पुना या भागात पाठवण्यात आले. पुढे कोहाला-हमाकुआ हा अफाट विस्ताराचा भाग दुसऱ्या एका फादरांना झेपेना, तेव्हा डेमियनने त्यांच्याशी अदलाबदल केली. भाविकांची घरे डोंगरदऱ्यांतून विखुरलेली होती. कधी घोड्यावर, कधी खेचरावर, कधी होडीतून आणि बऱ्याचदा पायी, असा प्रवास चाले. वेदीचे सामान बरोबर न्यायचे, जिथे माणसे जमतील तिथे मिस्सा अर्पण करायची आणि पुढच्या वस्तीकडे निघायचे. एक फेरी पूर्ण व्हायला आठवड्यांमागून आठवडे जात.

या काळात त्याने दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे तो लोकांची भाषा शिकला. हवाईच्या लोकांना त्याचे नाव उच्चारणे जड जाई, म्हणून ते त्याला कामियानो म्हणत. तोही त्या नावाला आनंदाने ओ देई. दुसरी गोष्ट म्हणजे त्याने हाती करवत आणि हातोडा घेतला. बांधकामाला पैसा नव्हता, तेव्हा त्याने गावकऱ्यांना जोडीला घेऊन आपल्या हातांनी चॅपेले उभारली. सेमिनरीत आपल्या हाताला लेखणीची सवय लागते. डेमियनच्या हाताला मात्र घट्टे पडले. पुढे हेच हात त्याच्या सर्वांत जास्त कामी आले.

कड्याखालची वस्ती

त्या काळी हवाई बेटांवर कुष्ठरोग फैलावला होता. त्यावर इलाज नव्हता. १८६५ साली तेथील राज्याने कायदा केला आणि १८६६ पासून रोग्यांना घरून उचलून मोलोकाई बेटावर नेऊन सोडण्यास सुरुवात झाली. ती जागा म्हणजे तीन बाजूंनी समुद्र आणि पाठीशी उभा प्रचंड कडा. आई मुलापासून, नवरा बायकोपासून तोडला जाई आणि ती ताटातूट मरेपर्यंतची असे. डॉक्टर नाही, पुरेसा निवारा नाही, धड पाणी नाही. तरीही तेथल्या कॅथलिक रोग्यांनी आपली श्रद्धा जपली होती आणि १८७२ साली तेथे संत फिलोमिनाचे छोटेसे चॅपेल उभे राहिले होते. उणीव होती ती त्यांच्यात राहणाऱ्या धर्मगुरूची.

मे १८७३ मध्ये बिशप मेग्रे यांनी आपल्या फादरांपुढे ही व्यथा मांडली. कोणालाही तिथे जाण्याचा हुकूम करायला त्यांचे मन धजत नव्हते. चार तरुण फादर पुढे आले. त्यांनी आळीपाळीने जावे असे ठरले आणि पहिली पाळी डेमियनची लागली. १० मे १८७३ रोजी बिशपांबरोबर तो मोलोकाईवर उतरला. तेव्हा त्याचे वय ३३ होते. सुरुवातीच्या रात्री त्याने चॅपेलजवळच्या एका केवड्याच्या जातीच्या झाडाखाली झोपून काढल्या. थोड्याच दिवसांत त्याने कायम तिथेच राहण्याची परवानगी मागितली. दुसऱ्या कोणाची पाळी आलीच नाही.

तेथील त्याचा दिवस कसा जाई? सकाळी प्रार्थना आणि मिस्सा. मग झोपडी-झोपडीत जाऊन रोग्यांची विचारपूस, जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, मरणाऱ्यांना अंतिम संस्कार देणे. जखमांची दुर्गंधी इतकी की तो पाइप ओढू लागला, म्हणजे निदान तंबाखूच्या वासाने ती थोडी झाकली जाई. दुपारनंतर पुन्हा करवत आणि हातोडा. घरे बांधायची, पाण्याचे नळ टाकायचे, चॅपेल वाढवायचे, अनाथ मुलामुलींसाठी आश्रम उभारायचे. यात रोगीही त्याच्या बरोबरीने राबत. पूर्वी प्रेते कशीबशी पुरली जात. डेमियनने दफनभूमीला कुंपण घातले, स्वतः शवपेट्या तयार केल्या, कबरी खोदल्या. दफनविधी गाण्यावाजवण्यासह सन्मानाने होऊ लागला. ज्यांना जिवंतपणी समाजाने टाकले, त्यांना निदान माणसासारखे पुरले जाऊ लागले. संध्याकाळी त्याच दफनभूमीत जपमाळ म्हणत फिरणे त्याला आवडे.

एक दुःख मात्र त्याला सतत बोचत होते. आम्हा धर्मगुरूंना ते विशेष समजते. त्याला पापनिवेदन करण्यासाठी दुसरा धर्मगुरू जवळ नव्हता. पहिल्याच वर्षी त्याचे वरिष्ठ एका जहाजातून आले, पण त्यांना उतरण्याची परवानगी मिळाली नाही आणि डेमियनला जहाजावर घेतले गेले नाही. तेव्हा त्याने खाली होडीत उभे राहून, सर्वांदेखत, मोठ्या आवाजात फ्रेंच भाषेत आपले पापनिवेदन केले आणि वरून वरिष्ठांनी त्याला पापमुक्ती दिली. आपले चर्च घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तरी वर्षातून एकदा पापनिवेदनाला जायचे तर आपल्याला संकोच वाटतो, वेळ मिळत नाही. त्या होडीतल्या माणसाला हा संस्कार किती मोलाचा वाटत असेल, याचा विचार आपण जरूर करावा. एकाकीपणात त्याला आधार होता तो पवित्र साक्रामेंतापुढच्या आराधनेचा. ती नसती तर आपण टिकलो नसतो, अशी कबुली त्याने आपल्या पत्रांतून दिली आहे.

दोन प्रकारचे ‘आम्ही’

डेमियनच्या जीवनातील एका लहानशा गोष्टीकडे आपण थोडे थांबून पाहू. मोलोकाईला आल्यावर पहिल्याच वर्षी, म्हणजे अंगाला रोगाचा स्पर्शही नसताना, प्रवचनात तो लोकांना तुम्ही कुष्ठरोगी असे म्हणत नसे. त्यांच्यात स्वतःला धरून, आपण कुष्ठरोगी, अशा अर्थाने तो बोले. हे त्याने आपल्या भावाला मुद्दाम कळवले होते.

मराठीत आम्ही आणि आपण असे दोन शब्द आहेत. आम्ही म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, आपण म्हटले की तो आत येतो. डेमियन ज्या भाषेत प्रवचन करीत असे, त्या हवाईच्या भाषेतही अगदी असेच दोन वेगळे शब्द आहेत. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ‘मी’ आणि ‘दुसरा’ यांच्यातील नात्यावर आम्ही तासन्‌तास चर्चा ऐकल्या. डेमियनने तो प्रश्न एका सर्वनामात सोडवला. पुण्यवानांचे आम्ही आणि रोग्यांचे तुम्ही, ही भिंत त्याने पाडली. तो त्यांच्या भांड्यातून जेवला, त्यांच्याशी हात मिळवत राहिला. देवाचा पुत्र माणूस झाला तेव्हा त्याने तरी दुसरे काय केले? स्वर्गातून सूचना न पाठवता तो आपल्यात येऊन राहिला.

या ‘आपण’ची किंमत डेमियनने मोजली. १८८४ च्या डिसेंबरात त्याचा पाय उकळत्या पाण्यात पडला, पण त्याला वेदना झाल्या नाहीत. बधिरपणा हे या रोगाचे लक्षण. पुढच्या वर्षी निदान पक्के झाले. तरी त्याने हातोडा खाली ठेवला नाही. शेवटच्या वर्षांत त्याला साथी मिळाले. १८८६ मध्ये जोसेफ डटन हे अमेरिकन गृहस्थ, १८८८ मध्ये फादर कॉनरार्डी आणि त्याच वर्षी मदर मेरियन कोप व त्यांच्या सिस्टर्स आल्या. आपल्या अनाथ मुलांची काळजी घेणारे कोणी आहे, हे पाहून १५ एप्रिल १८८९ रोजी, पवित्र सप्ताहातील सोमवारी, डेमियनने वयाच्या ४९ व्या वर्षी डोळे मिटले. ज्या झाडाखाली तो पहिल्या रात्री झोपला होता, त्याच झाडाखाली त्याला पुरण्यात आले.

तो निर्दोष होता असे नाही. तो हट्टी होता, तापट होता, वरिष्ठांशी आणि सरकारी अधिकाऱ्यांशी त्याचे खटके उडत. मृत्यूनंतर त्याच्या चारित्र्यावर चिखलफेकही झाली. तेव्हा त्याची बाजू घेऊन उभा राहिला तो रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा इंग्रजीतला प्रसिद्ध लेखक, जो कॅथलिक नव्हता. १९३६ साली डेमियनचे अवशेष बेल्जियमला नेण्यात आले. १९९५ साली त्याला धन्यवादित घोषित केले गेले, तेव्हा त्याचा उजवा हात मोलोकाईच्या लोकांना परत देण्यात आला आणि मूळच्या कबरीत ठेवला गेला. चॅपेले बांधणारा आणि जखमा धुणारा तो हात. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्याला संतपद बहाल केले.

आपल्यासाठी

डेमियन मोलोकाईवर उतरला त्याच १८७३ साली नॉर्वेमध्ये डॉ. हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचे जंतू शोधून काढले. आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. उपचार ६ ते १२ महिन्यांचा असतो आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. तरीही जगातील नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या भारतात आढळतात. आपल्या महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी आनंदवनात या लोकांना हक्काचे घर दिले आणि १९८३ साली त्यांना डेमियन-डटन पुरस्कार मिळाला. पण समाजाचे मन हळूहळू बदलते. जोडीदाराला कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागण्याची तरतूद आपल्या देशातील कायद्यांत, ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या कायद्यातही, २०१९ सालापर्यंत होती. औषध सापडले तरी आम्ही आणि तुम्ही ही भिंत इतकी वर्षे उभी होती.

म्हणून तीन गोष्टी आपण मनावर घेऊ या. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर तो न लपवता दवाखान्यात दाखवावा. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. दुसरे, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद घेऊन जातो, तेव्हा घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते: कोणी येत नाही. या आठवड्यात आपल्या आळीतील अशा एका तरी घरी जाऊन दहा मिनिटे बसावे. रिकाम्या हाताने गेले तरी चालेल. तिसरे, आपल्या धर्मग्रामात भाड्याने राहणारे, परप्रांतातून आलेले, मिस्सेला मागच्या बाकावर बसणारे कितीतरी जण आहेत. त्यांच्याविषयी बोलताना आपल्या तोंडी आम्ही येते की आपण, हे प्रत्येकाने तपासून पाहावे.

हे प्रभू येशू, तू आमच्यात येऊन राहिलास. संत डेमियनप्रमाणे आम्हालाही टाकलेल्यांच्या जवळ जाण्याचे धैर्य दे.

संत डेमियन, आमच्यासाठी विनंती कर.