गांधीजींची कवळी

महात्मा गांधींचे बोळके हसू छायाचित्रांमुळे आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला जन्मलेल्या गांधीजींचे दात उतारवयात पडले. मग कवळी आली, तीही बहुधा जेवणापुरती.

रुग्ण म्हणून त्यांचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आला. येरवडा तुरुंगात अपेंडिक्सचे दुखणे बळावले आणि १२ जानेवारी १९२४च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, कंदिलाच्या उजेडात काम पुरे झाले. विश्रांतीसाठी ते जुहूला राहिले. १९४३मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी २१ दिवसांचा उपवास केला. पुढच्या वर्षी मलेरियाने खंगल्यावर सुटका झाली, तेव्हा मुक्काम पुन्हा जुहूलाच. अन्न नीट चावून खावे, हा त्यांचा आग्रह जुना होता. प्रत्येक आजारातून उठून ते पुन्हा चालू-बोलू लागले. ३० जानेवारी १९४८ला हत्या झाली, तोपर्यंत त्यांचे काम थांबले नव्हते.

आमच्या मनोर परिसरातले आजी-आजोबा दवाखान्यात भरती होतात, तेव्हा कवळी बहुधा घरीच राहते किंवा उशाच्या पिशवीत पडून असते. मग पेज आणि चहा-बिस्किटावर दिवस निघतात. चावणे थांबले की जीभही दुबळी होते, कारण तोही स्नायूच आहे. घास मागे ढकलण्याचे काम जिभेचे. ती कमजोर झाली की घास तोंडात रेंगाळतो, ठसका लागतो, अन्नाचा कण श्वासनलिकेत उतरतो. तोंड अस्वच्छ असेल तर त्याबरोबर जंतूही फुप्फुसात जातात आणि न्यूमोनिया होतो. हाड जोडायला आलेला म्हातारा माणूस अशा न्यूमोनियाने दगावू शकतो.

म्हणून भरती करताना कवळी सोबत आणा. ती रोज घासा, रात्री काढून पाण्यात ठेवा. दात नसले तरी हिरड्या आणि जीभ दोन वेळा मऊ ब्रशने किंवा ओल्या फडक्याने पुसा. रुग्णाला बसवूनच भरवा. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर जीभ टाळूला दाबून धरण्याचा व्यायाम दिवसातून काही वेळा करून घ्या. जेवताना वारंवार ठसका लागत असेल, आवाज घोगरा होत असेल, तर लगेच सांगा.

आणि त्यांच्याशी बोलत राहा. बोलण्यानेही जीभ हलती राहते.