लिओ फेंडर आणि स्पीकरचे माप

गतवर्षी स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असता दहावीतील एक विद्यार्थी आमच्याकडे एक निराळीच शंका घेऊन आला. त्याच्या मामांनी जुन्या रेडिओतील व्हॉल्व्ह जमवून गिटारसाठी एक लहानसा अँप्लिफायर बांधला होता. त्याची शक्ती अवघी चारपाच वॉट. त्याला स्पीकर केवढा जोडावा, सहा इंची, आठ इंची, दहा इंची की बारा इंची, असा प्रश्न होता. मोठा तो चांगला, या न्यायाने मामांनी बारा इंची स्पीकर आणूनही ठेवला होता. भाच्याला मात्र शंका होती. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. पण आमचे बालपण गोव्यात गेले, आणि गोवेकराला गिटारीतले सर्व काही कळते असा इकडे समज आहे. तो खरा नाही, हे कबूल करून आम्ही उत्तराच्या शोधास लागलो आणि तो शोध आम्हांला क्लॅरन्स लिओनिडास फेंडर, म्हणजेच लिओ फेंडर, यांच्या चरित्रापाशी घेऊन गेला.

१० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात, अ‍ॅनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या परिसरात, लिओचा जन्म झाला. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. मुलगा आठ वर्षांचा असताना गाठ झाल्यामुळे त्याचा डावा डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसला. पुढे ज्याने हजारो सूक्ष्म जोडण्या हाताने केल्या, तो एकाच डोळ्याने पाहत होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

लिओ तेरा वर्षांचा झाला तेव्हा मोटारींच्या विजेची कामे करणाऱ्या मामांनी त्याला टाकाऊ रेडिओभागांची एक पेटी पाठविली. पुढल्या वर्षी तो सांता मारिया येथे मामांच्या दुकानी गेला. मामांनी सुट्या भागांतून बांधलेला एक रेडिओ दुकानासमोर मांडला होता आणि त्याच्या स्पीकरातून मोठ्या आवाजात संगीत वाहत होते. तो नाद आपल्या मनावर कायमचा ठसला, असे फेंडर वृद्धपणीही सांगत. मामा-भाच्यांचा हा योग आमच्या विद्यार्थ्याला फार आवडला.

विजेच्या शास्त्राचे शिक्षण मात्र त्यांनी कोणत्याही विद्यालयात घेतले नाही. महाविद्यालयात विषय घेतला तो हिशेबनिशीचा. बर्फाच्या कारखान्यात, मग सरकारी रस्तेखात्यात, मग टायरच्या कंपनीत अशा नोकऱ्या झाल्या. मंदीच्या काळात त्या गेल्याही. अखेर १९३८ मध्ये सहाशे डॉलर कर्जाऊ घेऊन फेंडर दांपत्याने फुलर्टनला रेडिओदुरुस्तीचे दुकान थाटले. गावोगावचे वादक आपली बिघडलेली यंत्रे तेथे आणू लागले. वाद्ये कोठे अडतात, आवाज कोठे फाटतो, गर्दीत गिटार कशी बुडून जाते, हे या दुरुस्तीच्या मेजावर फेंडर शिकले. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. बालपणी पियानो आणि सॅक्सोफोन शिकले तेवढेच. त्यामुळे वादक काय म्हणतो हे ऐकून घेण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते, आणि आमच्या मते त्यांच्या यशाचे मूळ येथेच आहे.

१९४६ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. आरंभीच्या लाकडी पेट्यांचे तीन अँप्लिफायर पाहा: प्रिन्स्टनला आठ इंची स्पीकर, डिलक्सला दहा इंची आणि प्रोफेशनलला पंधरा इंची. शिकाऊ वादकापासून मंचावरील कलावंतापर्यंत जशी पायरी चढावी तसे माप वाढत जाते. १९४८ मध्ये त्याहून साध्या यंत्राचा प्रयत्न झाला. त्याचे नाव चॅम्पियन ८०० आणि स्पीकर आठ इंची. पण वर्षभरातच त्याची जागा चॅम्पियन ६०० ने घेतली आणि स्पीकर सहा इंचांवर आला. शिकणाऱ्या मुलाला परवडावे, हाती धरून नेता यावे, म्हणूनच पेटी आखडली असावी, असे आम्हांस वाटते. नंतर याच यंत्राचे नाव चॅम्प झाले, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यावर त्याला पुन्हा आठ इंची स्पीकर मिळाला. दोन इंचांची ही ये-जा क्षुल्लक वाटेल. पण स्वतः घेतलेला निर्णय मागे घेण्याचे धैर्य तिच्यात आहे, आणि कारखानदाराला असे करणे महाग पडते.

या दोन इंचांत काय असते? आमच्या ग्वाल्हेरच्या मुलांना ते समजावणे कठीण नाही. तंबोऱ्याचा भोपळा पाहा: पुरुषी आवाजाच्या खालच्या पट्टीसाठी भोपळा मोठा, स्त्रियांच्या उंच पट्टीसाठी लहान. जिवाजीगंजातील सरोद घरात गेलात तर उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या घराण्याची परंपरा आणि कातडे मढविलेली नाना वाद्ये दिसतील. आमच्या घुमटाचेही तसेच. मडके केवढे यावर त्याचा घुमार ठरतो. स्पीकरचा कागदी पडदा हवा ढकलतो. गोल पडद्याचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून सहा इंचीपेक्षा आठ इंची पडदा पावणेदोन पटींहून थोडा अधिक आणि आठ इंचीपेक्षा बारा इंची सव्वादोन पट मोठा. गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते. तो खर्ज भरदार निघण्यास मोठा पडदा हवा. सहा इंची पडद्यातून मूळ स्वर क्षीण निघतो आणि वरच्या उपस्वरांवरून कान तो भरून काढतो. उलटपक्षी पडदा मोठा तसे त्याचे तार स्वर समोरच्या अरुंद पट्ट्यातच जातात. बाजूला बसलेल्यास ते मंद वाटतात.

मात्र मोठ्या मापाने आवाज मोठा होतोच असे नाही. त्याचे गमक निराळे: एक वॉट शक्ती दिली असता एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो. एक स्पीकर ९१ देत असेल आणि दुसरा ९७, तर दुसऱ्याने शक्ती चौपट केल्याचे काम केले. पाच वॉटचा अँप्लिफायर त्याच्यावर वीस वॉटसारखा वाजेल. बोजड पण मंद असा बारा इंची स्पीकर चांगल्या आठ इंचीपुढे हरू शकतो. शिवाय पेटी आलीच. मागून उघड्या लहान पेटीत पडद्याच्या पाठीमागची लाट पुढे येऊन खर्ज खाऊन टाकते, म्हणून मोठ्या स्पीकरला फळीही रुंद लागते. स्पीकरचे ओहम ट्रान्सफॉर्मरशी जुळले पाहिजेत आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अँप्लिफायर कधीही वाजवू नये. ट्रान्सफॉर्मर जळण्याचे भय असते. आणखी एक, आणि हे आम्ही मुलांना दटावूनच सांगितले: अशा यंत्रात तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ आत राहतो. झाकण उघडणे मुलांचे काम नव्हे.

फेंडर यांच्या गिटारींची कीर्ती येथे विस्ताराने सांगत नाही. टेलिकास्टर, १९५१ चा प्रिसिजन बेस आणि १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर यांची नावे गिटारवाल्या मुलांना पाठ असतात. स्पीकरचा एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. १९६० च्या सुमारास डिक डेल नावाचा तरुण वादक एवढ्या जोराने वाजवी की फेंडरचे अँप्लिफायर आणि स्पीकर एकामागून एक फुटत. कारखान्याच्या शांत खोलीत ही अडचण कळेना. डेलने नंतर सांगितल्याप्रमाणे, फेंडर आपले सहकारी फ्रेडी टवारेस यांना घेऊन बाल्बोआ येथील भरलेल्या नृत्यगृहात श्रोत्यांत जाऊन उभे राहिले, तेव्हा कोठे त्यांना उमगले की हजारो माणसांची अंगे आवाज शोषून घेतात. त्यातून पंधरा इंची, विशेष मजबूत स्पीकरचे शोमन यंत्र निघाले. आपल्या तानसेन समारोहाच्या मंडपात मागील रांगेत बसणाऱ्यांना याचे मर्म चटकन कळेल.

आणि नियतीचा विनोद असा की, १९७० मध्ये मायामी येथे एरिक क्लॅप्टन आणि साथीदारांनी लैला हा संग्रह ध्वनिमुद्रित केला तेव्हा हाती धरली ती शिकाऊंसाठी केलेली ही इवलीशी चॅम्प यंत्रे. मायक्रोफोन जवळ असला की सभागृह भरण्याची गरज उरत नाही. निजामीच्या लैला-मजनूवरून नाव घेतलेला हा संग्रह इतक्या लहान पेटीतून निघाला, याचे आम्हांस अजून नवल वाटते.

प्रकृती ढासळल्यामुळे जानेवारी १९६५ मध्ये फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएसला एक कोटी तीस लाख डॉलरना विकली. पुढे दुखणे बरे झाले आणि म्युझिक मॅन व जी अँड एल या कंपन्यांतून ते पुन्हा कामाला लागले. कंपवाताने ग्रासले तरी मेज सोडले नाही. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

आमच्या विद्यार्थ्याने मामांसह शनिवारी दुपारी वर्गातच पारख केली. चाळीस मुले बसविली; प्रथम आठ इंची, मग रुंद फळीवरचा दहा इंची, शेवटी मामांचा बारा इंची. मामांनी मागील बाकावर बसून तिन्ही ऐकले आणि कोणाकडे न पाहता दहा इंचीकडे बोट केले. बारा इंची स्पीकर त्यांनी अद्याप विकलेला नाही.